डुकराची किडनी माणसात किती दिवस चालते, आणि मग का थांबते?

मामाचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातची पाळी. डाव्या हाताला कोपराजवळ फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर एकमेकांना जोडून केलेली जागा. तिथं बोट ठेवलं की कातडीखाली मांजर गुरगुरतंय असं वाटतं. त्यात दोन सुया जातात, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत, आणि चार तास हात न हलवता पडून राहायचं. त्या चार तासांत मामा पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून काढतो. २०२५च्या ऑक्टोबरात त्याला बातमी दिसली. अमेरिकेत एका माणसाला बसवलेली डुकराची किडनी २७१ दिवस चालली आणि मग काढावी लागली.

"नऊ महिने चालली ना?" मामा म्हणाला. "मग थांबली कशाला?"

प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. अशा बातम्यांत "यशस्वी शस्त्रक्रिया" हे शब्द मोठ्या टायपात असतात, आणि पुढं काय झालं ते महिन्या-दोन महिन्यांनी आतल्या पानावर येतं. खरी गोष्ट त्या मधल्या दिवसांत घडते. म्हणून ती घड्याळ लावूनच सांगतो.

## ऑपरेशन त्यातल्या त्यात सोपं

प्राण्याचा जिवंत अवयव माणसात बसवणं म्हणजे झेनोट्रान्सप्लांट. शब्द एवढा एकदाच. डुकराची किडनी आकाराने आपल्या किडनीच्या जवळपास असते. एक धमनी, एक शीर आणि लघवीची नळी जोडायची. हे टाके माणसाची किडनी बसवताना घालतात तसेच. मार्च २०२४मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड स्लेमन या ६२ वर्षांच्या गृहस्थांना अशी किडनी बसवली. रक्त सोडल्यावर ती लगेच गुलाबी झाली, लघवी यायला लागली, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये टाळ्या वाजल्या.

अवघड भाग सुरू होतो तो रक्त सोडल्यानंतर. अवयव बदलला तरी रक्त रुग्णाचंच असतं. त्या किडनीतल्या केसाहून बारीक नळ्यांना आतून डुकराच्या पेशींचं अस्तर आहे, आणि त्यावरून आता मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास माणसाचं रक्त वाहणार. या दोघांची गाठ आधी कधी पडलेली नाही.

कोकणात रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची फांदी बांधतात. कलम लागतं, कारण दोन्ही आंबेच. फणसाच्या खुंटावर हापूस बांधून बघा. नातं जितकं लांबचं, तितकं कलम लागणं अवघड, एवढा नियम इथंही चालतो. फरक असा की न लागलेलं कलम नुसतं वाळून जातं. माणसाचं शरीर तेवढ्यावर थांबत नाही, ते परक्याच्या अंगावर चालून जातं.

## पहिली दहा मिनिटं

साध्या गावरान डुकराची किडनी जशीच्या तशी माणसाला लावली तर ती काही मिनिटांतच निळसर पडायला लागेल, मग काळपट, आणि काही तासांत खेळ संपेल. याचं कारण एक साखर.

डुकराच्या पेशींच्या पृष्ठभागावर अल्फा-गॅल नावाची साखर असते. ती गाईत असते, कुत्र्यात असते, बहुतेक सस्तन प्राण्यांत असते. आपल्यात नाही. दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि आपल्या समाईक पूर्वजांत ती बनवणारं जनुक बंद पडलं. आपल्या आतड्यातले जिवाणू मात्र ती साखर अंगावर वागवतात. त्यामुळे तान्ह्या वयापासून आपलं शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडीज, म्हणजे शत्रू ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं, बनवत राहतं. रक्तातल्या अशा प्रथिनांपैकी साधारण एक टक्का या एकट्या साखरेवर टपलेली असतात. जन्मात डुकराच्या जवळपासही न गेलेल्या माणसाच्या रक्तात डुकराविरुद्धची फौज तयार उभी असते.

या अँटिबॉडीज चिकटल्या की पेटते ती रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची साखळी. दिवाळीतली लवंगीची माळ आठवा. पहिल्या फटाक्याची वात पेटली की पुढचा, मग त्याच्या पुढचा. या माळेचे शेवटचे फटाके पेशीच्या भिंतीला भोकं पाडतात. आपल्या स्वतःच्या पेशींवर ही माळ मध्येच तोडणारी प्रथिनं असतात, म्हणून आपण स्वतःला जाळत नाही. डुकराच्या पेशींवरही तशी असतात, पण ती डुकराच्या माळेसाठी घडलेली. आपल्या माळेपुढे ती तोकडी पडतात.

यावरचा उपाय म्हणजे डुकरातच बदल. २००२मध्ये ही साखर अजिबात नसलेली पिल्लं जन्माला आली. मग कळलं की पहिली साखर काढल्यावर मागं दडलेल्या आणखी दोन उघड्या पडतात. त्याही काढल्या. शिवाय माळ तोडणारी माणसाची जनुकं डुकराच्या पेशीत घातली. आज जी डुकरं वापरतात त्यांच्यातल्या एका जातीत असे १० बदल आहेत, दुसरीत ६९. बदल केलेल्या पेशीचं केंद्रक बीजांडात घालायचं, तो गर्भ डुकरिणीत वाढवायचा, आणि बरेच गर्भ वाया गेल्यावर एखादं निरोगी पिल्लू हाती लागतं. डॉली मेंढीचीच रीत.

दहा मिनिटांची लढाई अशी जिंकली. ती जिंकायला चार दशकं लागली.

## एवढा खटाटोप करण्यापेक्षा माकड का नको?

नातं जवळचं, मग कलम लागेल, हा विचार आधी माकडांवरच झाला. १९६३-६४मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कीथ रीम्ट्स्मा यांनी चिंपांझींच्या किडन्या १३ रुग्णांना लावल्या. बहुतेक काही आठवड्यांत गेले, एक शिक्षिका मात्र नऊ महिने जगली. १९८४मध्ये कॅलिफोर्नियात एका नवजात मुलीला बबून या आफ्रिकी माकडाचं हृदय लावलं, ती २१ दिवस जगली.

माकडं सोडली त्याची कारणं सरळ आहेत. चिंपांझी दुर्मिळ, वर्षानुवर्षांनी एक पिल्लू देणारा, आणि त्याला कापायला मन धजत नाही. बबूनचे अवयव मोठ्या माणसाला लहान पडतात. सगळ्यात मोठी अडचण नात्याचीच आहे. जितका जवळचा प्राणी, तितके त्याचे विषाणू आपल्यात सहज उतरतात. एचआयव्ही माकडांकडूनच आला. डुकरीण ११४ दिवसांत डझनाच्या आसपास पिल्लं देते, ती भराभर वाढतात, आणि माणूस हजारो वर्षं तिच्याबरोबर राहिलेला आहे.

## पण हृदयात डुकराची झडप तर आपल्याकडेही बसवतात

बसवतात, आणि ती वर्षानुवर्षं चालते. पण ती जिवंत नसते. झडप ग्लुटराल्डिहाइड या रसायनात मुरवतात. कातडं कमावायलाही हे रसायन वापरतात. कोल्हापुरी चपलेतल्या कातड्याला जनावर म्हणून जेवढी ओळख उरते, तेवढीच त्या झडपेला. तिच्या पेशी मेलेल्या, तिला रक्तपुरवठा लागत नाही. किडनी कमावून चालणार नाही, तिला जिवंतच राहावं लागतं.

जाता जाता एक. डायलिसिसच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपरिन सोडतात. जगातलं बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेलं असतं. हे मी मामाला अजून सांगितलेलं नाही.

## पहिला आठवडा

आता पेशींची पाळी. शरीरात गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रत्येक पेशीचं ओळखपत्र तपासतात. माणसाची किडनी बसवली तरी हे होतंच, म्हणून भाऊ-बहिणीची किडनी मिळाली तरी औषधं जन्मभर चालू ठेवावी लागतात. डुकराच्या बाबतीत ओळखपत्रावरचं जवळजवळ प्रत्येक अक्षर वेगळं. स्लेमन यांच्या किडनीवर आठव्या दिवशी असा हल्ला झाला. तो औषधांनी परतवता आला. नेहमीची औषधं इथं पुरत नाहीत. पांढऱ्या पेशी एकमेकींना "हो, हाच तो, धरा" असा दुजोरा देतात, तो दुजोराच तोडणारी नवी औषधं वापरावी लागतात.

याच सुमाराला एक जुनाट दुखणं डोकं वर काढतं, रक्ताच्या गुठळ्यांचं. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण इथं कुणी कुणाचा शत्रू नसतो.

रक्त गोठणं ही तारेवरची कसरत आहे. जखम झाली की पटकन गोठायला हवं, नळीत वाहताना मुळीच नको. त्यासाठी रक्तवाहिनीचं अस्तर आणि रक्तातली प्रथिनं सतत एकमेकांत अडकत-सुटत असतात. अस्तरावरचं एक प्रथिन रक्तातल्या गोठवणाऱ्या प्रथिनाला पकडतं आणि त्यालाच उलट कामाला लावतं: "आता पुरे, थांबव." डुकराच्या अस्तरावरही हे प्रथिन आहे. आपल्या रक्तातलं प्रथिन त्यात बसतंही. पण प्लंबरला विचारा, नळाचे आटे जुळले नाहीत तर काय होतं. दोन वेढे फिरतात, पुढं जात नाही, आणि थेंब थेंब गळत राहतं. इथं "थांबव" हा निरोप अर्धामुर्धाच पोचतो. शिवाय डुकराचं आणखी एक प्रथिन आपल्या प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना, कारण नसताना चिकटवून घेतं. परिणाम असा की बारीक नळ्यांत बारीक गुठळ्या होतात, आणि दुसरीकडे प्लेटलेट्स संपत जातात.

म्हणून त्या १० बदलांच्या डुकरात माणसाची जी सहा जनुकं घातली आहेत, त्यांतली दोन निव्वळ हे आटे जुळवण्यासाठी आहेत.

## दुसरा महिना: लपून आलेला पाहुणा

७ जानेवारी २०२२ला बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं. वय ५७, दुसरा मार्ग नव्हता. आठवडे गेले, हृदय छान चाललं. मग अचानक ढेपाळलं. ८ मार्चला ते गेले.

शोध घेतल्यावर त्या हृदयातून आलेला डुकराचा एक विषाणू सापडला, सायटोमेगॅलोव्हायरस. डुक्कर स्वच्छ, बंदिस्त जागेत वाढवलेलं होतं आणि त्याच्या नाकातला नमुना तपासलेला होता. पण हा विषाणू ऊतींमध्ये झोपून राहतो, नाकात दिसेलच असं नाही. बबूनवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की तो असलेले अवयव लवकर निकामी होतात. भरीला बेनेट यांना संसर्गासाठी अनेक रक्तदात्यांच्या अँटिबॉडीज एकत्र करून दिल्या होत्या. त्यांतल्या काही डुकराविरुद्धच्या असाव्यात असा संशोधकांना संशय आहे. म्हणजे औषध द्यायला गेले आणि शत्रूलाच रसद पोचली.

आता तपासण्या जास्त कडक आहेत. पण इथंच लोकांच्या मनातला मोठा प्रश्न येतो: यातून नवा कोविड तर निघणार नाही?

भीती उगाच नाही. डुकराच्या डीएनएमध्येच काही विषाणू शिवलेले असतात, ते पिढ्यानपिढ्या वारशाने जातात. कितीही धुऊन-पुसून डुक्कर वाढवा, ते निघत नाहीत. १९९७मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की ते माणसाच्या पेशीत शिरू शकतात, आणि जगभर या कामाला मोठा ब्रेक लागला. जिवंत माणसात मात्र तसा संसर्ग आजवर आढळलेला नाही. ६९ बदलांच्या डुकरातले ५९ बदल हे विषाणू निकामी करण्यासाठीच आहेत. १० बदलांची डुकरं दुसरी कंपनी बनवते, तिने ते तसेच ठेवले आहेत. कोण बरोबर हे ठरायला वर्षं जातील. तोवर अवयव घेणाऱ्याला जन्मभर तपासणीखाली राहायचं कबूल करावं लागतं.

## सहावा महिना: परकं हवामान

समजा सगळं निभावलं. तरी तो अवयव दुसऱ्याच शरीरासाठी घडलेला आहे. डुकराचं तापमान ३९ अंशांच्या आसपास, आपलं ३७. डुक्कर चार पायांवर आडवं असतं, आपण उभे.

डुक्कर वाढत राहतं, त्याबरोबर अवयवही. जर्मनीत म्युनिकच्या गटाने बबूनच्या छातीत डुकराची हृदयं बसवली, तेव्हा ती इतकी वाढली की छातीत मावेनात. रक्तदाब उतरवून आणि वाढ रोखणारं औषध देऊन त्यांनी २०१८मध्ये बबून सहा महिन्यांवर जगवून दाखवले. १० बदलांच्या डुकरात आता वाढीच्या संप्रेरकाला ऐकणारं जनुकच बंद केलं आहे.

किडनी तर नुसती गाळणी नाही. रक्तदाब सांभाळायला ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते. डुकराचं रेनिन माणसाच्या प्रथिनावर नीट चालत नाही, पुन्हा आट्यांचीच गोष्ट. लिव्हरचं तर विचारूच नका. शेकडो प्रथिनं बनवणारा तो कारखाना. डुकराच्या लिव्हरने डुकराची प्रथिनं बनवली तर माणसाचं रक्त त्यांचं काय करणार? म्हणून लिव्हरकडे सध्या तात्पुरता टेकू म्हणून पाहतात.

## "बसवायची आणि काढायची, याला यश म्हणायचं?"

नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कला अलाबामातल्या एका बाईला डुकराची किडनी बसवली. या बाईने १९९९मध्ये स्वतःची एक किडनी आईला दिली होती, उरलेली पुढं निकामी झाली. रक्तात इतक्या अँटिबॉडीज की माणसाची जुळणारी किडनी मिळेना. १३० दिवस छान गेले. मग एक संसर्ग झाला, त्याचा किडनीशी संबंध नव्हता. त्याच्याशी लढता यावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली, आणि दाबलेली शक्ती उसळून किडनीवर गेली. किडनी काढली, बाई डायलिसिसवर परत गेली.

आज कोडं इथं अडलं आहे. औषध जास्त दिलं तर साधा ताप जिवावर बेततो, कमी केलं तर किडनी जाते. चुलीवरचं दूध उतूही जाऊ द्यायचं नाही आणि थंडही होऊ द्यायचं नाही, आणि असं आयुष्यभर.

मामाने वाचलेल्या न्यू हॅम्पशरच्या गृहस्थांची किडनी २५ जानेवारी २०२५ला बसवली होती. तिचं काम मंदावत गेलं म्हणून काढली. स्लेमन दोन महिन्यांत गेले, पण त्यांच्या किडनीत नाकारल्याची खूण नव्हती, हृदयच आधीपासून फार आजारी होतं.

हे आकडे लहान वाटतात. माणसाचं हृदय माणसाला बसवायला लागले तेव्हाचे आकडे याहून लहान होते. १९६७मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी ते पहिल्यांदा केलं, त्यांचा रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदललं, तो रुग्ण काही तासांत गेला. प्रत्यारोपणाला बळ आलं ते १९८०नंतर, सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर. डुकराच्या बाबतीत तसं होईलच अशी हमी मी देणार नाही. फणसाचा खुंट तो फणसाचाच. पण अमेरिकेत २०२५मध्ये रीतसर चाचण्यांना परवानगी मिळाली आहे. त्यांतली एक सहा रुग्णांपासून सुरू होऊन ५०पर्यंत जाणार आहे. आतापर्यंत एकेक रुग्ण हीच एकेक कथा होती, आता निदान तुलना करता येईल.

## आणि आपल्याकडे?

भारतात हे करून बसलेला एक माणूस होता. १ जानेवारी १९९७ला गुवाहाटीजवळ सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी एका ३२ वर्षांच्या रुग्णाला डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली. रुग्ण सात दिवसांनी गेला. बरुआंना १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली, ४० दिवस कोठडीत काढावे लागले. बेनेट यांची बातमी आली तेव्हा समाजमाध्यमांवर "आमच्या माणसाने आधीच केलं होतं" असं बरंच फिरलं. केलं होतं हे खरं. पण त्या काळी साखर काढलेलं डुक्कर जगात कुठंच नव्हतं, आणि पहिल्या दहा मिनिटांचं त्यांनी काय केलं याची कुणाला तपासता येईल अशी नोंद त्यांनी पुढं ठेवली नाही. त्याशिवाय त्याला विज्ञान म्हणता येत नाही.

आज इथल्या रुग्णाला डुकराची किडनी मिळत नाही. "ओळखीने मिळवून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर तो फसवतोय. मार्ग दोनच, जिवंत दाता, तोही सहसा घरातलाच, किंवा मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनी दिलेला होकार. त्यासाठीची यादी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या समित्यांकडे असते. मामाचं नाव तिथं लागलेलं आहे.

हे सगळं मी मामाला दोन शनिवारांत मिळून सांगितलं. फटाक्यांची माळ त्याला पटली, आट्यांचं तर जास्तच, त्याने उमेदीत मोटार-पंप दुरुस्त केलेत. ऐकून झाल्यावर त्याने पेपरच्या कडेला पेन्सिलने गणित मांडलं. २७१ भागिले ७, गुणिले ३.

"एकशे सोळा वेळा डायलिसिसला गेला नाही तो," मामा म्हणाला. मग सुईच्या पट्टीवर बोट दाबून धरत, "म्हणजे दोनशे बत्तीस सुया."